मन खचते, शरीर खचते. मग दोष कुणाचा?

रविवारची मिस्सा संपली की आपण चर्चच्या अंगणात थोडा वेळ थांबतो. कुणाचे गुडघे धरलेत, कुणाची शुगर वाढली, कुणाला रात्र रात्र झोप नाही, हे सगळे तिथेच कळते. ऐकणाऱ्याच्या तोंडी एक वाक्य ठरलेले असते : "टेन्शन घेऊ नका." डॉक्टर हेच सांगतात, भेटायला आलेले पाहुणे हेच सांगतात, आम्हीही हेच सांगतो. जणू टेन्शन म्हणजे कपातला चहा. घ्यायचा नसेल तर 'नको' म्हणावे आणि कप परत द्यावा.

या साध्या वाक्यात दोन समजुती दडलेल्या आहेत. पहिली, मनाच्या अवस्थेचा शरीरावर परिणाम होतो. दुसरी, मनाची अवस्था ज्याच्या त्याच्या हातात असते. म्हणून माणूस खचून आजारी पडला तर थोडाफार दोष त्याचाच. पहिली समजूत बऱ्याच अंशी खरी आहे. दुसरी मात्र आपण न तपासताच स्वीकारली आहे. आज या दोन्ही समजुतींचा थोडा विचार करू या.

सापाचे भय आणि सापाचे विष

आपल्या भागात प्रत्येक घराला साप माहीत आहे. पावसाळ्यात सोयाबीनची खुरपणी सुरू असते, बांधावर गवत वाढलेले असते, घरात सरपणाचा ढीग असतो. मुखेडचे डॉ. दिलीप पुंडे यांचे नाव सर्पदंशावरील उपचारांसाठी महाराष्ट्रभर माहीत आहे, ते उगाच नाही. इथे साप ही रोजची गोष्ट आहे.

आपल्याकडच्या सापांच्या बहुतेक जाती बिनविषारी आहेत. विषारी सापानेही चावताना दर वेळी विष सोडलेलेच असते असे नाही. तरीही चावलेला माणूस काय होतो ते आपण पाहिले आहे. घामाने अंग भिजते, छाती धडधडते, हातपाय गार पडतात, घशाला कोरड पडते, डोळ्यांपुढे अंधारी येते. धामण चावली असली तरी हे होते. विषाचा एक थेंबही अंगात नसतो आणि माणूस मरणाच्या दारात उभा असल्यासारखा दिसतो. हे ढोंग नसते. शरीर खरोखरच तसे वागत असते.

अशा वेळी कुणी मांत्रिकाकडे नेतो. तो कडुलिंबाचा डहाळा फिरवतो, काही पुटपुटतो, ठामपणे सांगतो की 'उतरले'. थोड्या वेळाने माणूस उठून बसतो आणि मांत्रिकाचे नाव गावभर होते. त्याने विष उतरवलेले नसते, कारण विष नव्हतेच. त्याने भय उतरवलेले असते.

पण तोच साप मण्यार असला, घोणस असली आणि विष अंगात भिनले असले, तर? मग कितीही धीर धरला, कितीही चांगला विचार केला, तरी विष आपले काम करीत राहते. तिथे प्रतिसर्पविषाचे इंजेक्शनच लागते, आणि तेही वेळेत. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने मांडला. त्यातले जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले होते. यातल्या कितीजणांचा वेळ मंत्रतंत्रात गेला असेल, याचा विचार केला तरी जीव कासावीस होतो.

मनाचे बळ खरे आहे आणि त्या बळाला हद्द आहे, हे दोन्ही या एका उदाहरणात दिसते.

शरीरात काय घडते?

'ताण' हा शब्द आज जो तो वापरतो. वैद्यकशास्त्रात त्याला आजचा अर्थ देण्यात हान्स सेली या संशोधकाचा मोठा वाटा आहे. कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात तो उंदरांवर प्रयोग करीत होता. कुणाला थंडीत ठेवले, कुणाला जखम केली, कुणाला दमवले. त्रास वेगवेगळे होते, पण शरीरात आढळलेले बदल बरेचसे सारखेच होते. मूत्रपिंडांच्या वर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथी वाढलेल्या होत्या आणि पोटात व्रण पडले होते. १९३६ साली त्याने हे एका छोट्या टिपणात मांडले.

या ग्रंथींतून दोन मुख्य रस रक्तात येतात. एक ॲड्रेनलीन, दुसरा कॉर्टिसॉल. साप दिसला की पहिला रस क्षणात धाव घेतो. नाडी वाढते, रक्तदाब चढतो, स्नायूंना रक्त मिळते, आपण उडी मारून बाजूला होतो. दुसरा रस मागोमाग येतो आणि साठवलेली साखर रक्तात आणून देतो, म्हणजे पळायला बळ मिळते. ही देवाने शरीराला दिलेली मोठी सोय आहे. साप निघून गेला की सगळे हळूहळू जागेवर येते.

प्रश्न येतो तो साप निघून जात नाही तेव्हा. कर्ज हा साप निघून जात नाही. मुलीच्या लग्नाची काळजी, दारू पिऊन येणारा नवरा, अंथरुणावर पडलेली सासू, पावसाने दिलेला दगा, हे साप रात्रीही उशाशी असतात. मग पळण्यासाठी दिलेले बळ न पळताच अंगात साचत राहते. रक्तदाब चढलेलाच राहतो. साखर वाढलेलीच राहते. झोप तुटते, अन्न पचत नाही, पाठ आणि मान आखडते, चिडचिड वाढते.

हे नुसते अनुमान नाही. इंग्लंडमध्ये ३९४ निरोगी माणसांच्या तयारीने झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूंचे थेंब टाकले गेले. ज्यांच्या मनावर आधीपासून जास्त ताण होता, त्यांना सर्दी होण्याचे प्रमाण अधिक आढळले. विषाणूंचे थेंब सर्वांनाच मिळाले होते.

१९९५ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात आणखी एक लहानसा अभ्यास झाला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाईकांची घरी सेवा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि त्याच वयाच्या इतर १३ स्त्रिया यांच्या हातावर मसुराच्या दाण्याहूनही लहान जखम केली गेली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते मोजले. सेवा करणाऱ्या स्त्रियांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. आपल्या घरांतून वर्षानुवर्षे आजाऱ्याची उशीपायथ्याशी बसून सेवा करणाऱ्या आया, सुना, लेकी आहेत. त्यांच्या हातावरची जखम आपण कधी पाहिली आहे का?

२००४ साली ५२ देशांतील हृदयविकाराच्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. भारतही त्या देशांत होता. झटका येण्याआधीच्या वर्षात कामाचा, घरचा किंवा पैशांचा सततचा ताण होता असे सांगणाऱ्यांचे प्रमाण रुग्णांमध्ये निरोगी माणसांपेक्षा जास्त निघाले.

तेव्हा 'मनाला लागते ते अंगाला लागते' हे आपल्या आजीचे म्हणणे खोटे नव्हते.

पण सगळेच मनात नसते

आता दुसरी बाजू. पोटातल्या व्रणाला, ज्याला आपण अल्सर म्हणतो, अनेक वर्षे ताणाचा आजार समजले जात होते. रुग्णाला सांगितले जाई, तुम्ही फार विचार करता, स्वभाव बदला, दूध प्या, तिखट सोडा. माणसे स्वतःच्या स्वभावाला दोष देत वर्षानुवर्षे कळा सोशीत राहिली. १९८२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या दोन डॉक्टरांनी दाखवून दिले की जठरात राहणारा एक जिवाणू या व्रणांमागे असतो. कुणी विश्वास ठेवीना, तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी स्वतःच ते जिवाणू पिऊन जठराला सूज आणून दाखवली. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज बहुतेक रुग्णांना काही दिवसांच्या औषधांनी आराम पडतो. ज्या आजाराला 'स्वभाव' म्हटले, त्याचे कारण बऱ्याच जणांच्या बाबतीत एक जिवाणू होता.

कर्करोगाचेही तसेच. 'मन खंबीर ठेवले की कॅन्सर हरतो' असे आपण सहज म्हणतो. २००७ साली डोक्याच्या आणि मानेच्या कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कोण मनाने आनंदी होता आणि कोण खचलेला, यावरून कोण किती जगेल हे ठरताना दिसले नाही. मनाची उभारी असली तर दिवस बरे जातात, औषधोपचार सोसवतात, घरच्यांनाही बळ येते. हे थोडे नाही. पण उभारी असूनही जो गेला, तो कमी झुंजला असे म्हणण्याचा आपल्याला काहीही अधिकार नाही.

आणि टीबी? टीबीचा जंतू रुग्णाचा स्वभाव विचारीत नाही. त्याला महिनोन्‌महिने न चुकता घेतलेल्या गोळ्याच मारतात.

आमची एक चूक

इथे आम्हाला आमचीच एक गोष्ट सांगायला हवी. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघेतिघे एका आजारी बाईंना भेटायला त्यांच्या घरी गेलो होतो. बाईंचा रक्तदाब सारखा वाढत होता. आम्ही बसलो, चहा घेतला, प्रार्थना केली. निघताना नेहमीप्रमाणे उपदेश केला : "मन घट्ट ठेवा, चांगला विचार करा, सगळे ठीक होईल."

बाई दारापर्यंत आल्या. आमच्यातल्या वयस्क माणसाला म्हणाल्या, "मन तर घट्टच हाय मामा. बीपीच्या गोळ्या सरून आठ रोज झाले."

गोळ्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. पण तिथे जायचे तर जीपचे भाडे आणि एका दिवसाची मजुरी जाते. घरात दुसरे माणूस नव्हते. तासभर आम्ही त्या घरात बसलो होतो आणि त्यांच्या मनाबद्दल बोलत होतो. गोळ्यांबद्दल आम्ही एका शब्दाने विचारले नव्हते. आमच्यातले दोघे तर दर आठवड्याला मोटारसायकलवर तालुक्याला जात होते.

त्या दिवशी परतताना कुणी कुणाशी बोलले नाही. आम्ही वाईट हेतूने गेलो नव्हतो. पण आमच्या उपदेशाचा अर्थ असा होत होता की बाई, कमी आहे ती तुमच्या मनात आहे. कमी होती ती आमच्या विचारण्यात.

ईयोबाचे मित्र आपल्याला माहीत आहेत. ईयोबाची मुलेबाळे, धन, आरोग्य सारे गेले तेव्हा ते तिघे लांबून आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले. तेवढे त्यांनी फार चांगले केले. पुढे ते बोलू लागले आणि सगळे बिघडले. तुझ्याकडूनच काही चुकले असणार, असे ते त्याला पटवून देऊ लागले. ग्रंथाच्या शेवटी देवाचा राग त्या मित्रांवर आहे, ईयोबावर नाही.

योहानच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्यही हेच विचारतात, पाप कुणाचे, याचे की याच्या आईबापाचे? येशू हा प्रश्नच बाजूला सारतो. दोष शोधत तो बसत नाही, तो त्या माणसाच्या डोळ्यांना हात लावतो. आज आपण 'पाप कुणाचे' असे विचारीत नाही. पण 'याचा दृष्टिकोनच नकारात्मक आहे' असे म्हणतो, तेव्हा जुनाच प्रश्न नव्या शब्दांत विचारतो.

किल्लारीने काय शिकवले

मन आणि शरीर यांचे नाते शिकायला आपल्याला फार दूर जायला नको. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्यातल्या वयस्क माणसांना आठवते. गणेश विसर्जन आटोपून माणसे उशिरा झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे हादरली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी ती घरे होती. ज्या भिंतींनी पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळ्यात गारवा दिला, त्यांच्याखालीच सुमारे आठ ते दहा हजार माणसे गेली.

जे वाचले त्यांच्या मनाचे काय झाले? डॉक्टरांच्या एका पथकाने वाचलेल्यांपैकी काही जणांची तपासणी केली. तिचा अहवाल १९९६ साली अमेरिकेतील मनोविकारशास्त्राच्या नियतकालिकात आला. तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसांना मानसिक आजार जडलेला आढळला. मुख्यतः तीव्र उदासी, आणि तो प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येऊन होणारी भीती. ही माणसे दुबळ्या मनाची होती का? आदल्या दिवशीपर्यंत हीच माणसे नांगर धरीत होती, पोरे वाढवीत होती, गणपतीपुढे नाचत होती. त्यांचा दृष्टिकोन एका रात्रीत बिघडला नव्हता. त्यांच्या अंगावर घर पडले होते.

पुढे ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. घरे भक्कम मिळाली, रस्ते रुंद मिळाले. पण वस्ती पसरट झाली. जुन्या गल्लीत भिंतीला भिंत लागून होती, ओट्यावर बसले की चार घरची माणसे दिसत. नव्या गावात शेजार लांब गेला. सुरक्षित घरातही माणसाला एकटे वाटू शकते, याची नोंद अनेक अभ्यासकांनी केली आहे.

त्याच काळात आणखी एक गोष्ट घडली. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात घरांच्या दुरुस्ती आणि मजबुतीच्या कामात बायकांना पुढे आणले. गावोगाव 'संवाद सहायक' नेमल्या गेल्या. सरकारी योजना काय, भिंत कशी बांधायची, सिमेंट किती लागते, हे त्या शिकल्या आणि घरोघरी जाऊन सांगू लागल्या. २६ जानेवारी २००१ रोजी गुजरातेत कच्छला भूकंप झाला, तेव्हा आपल्या भागातल्या या बायका तिकडे गेल्या. ज्यांची घरे पडली होती त्याच दुसऱ्यांची घरे उभी करायला मदत करीत होत्या.

त्यांना कुणी 'सकारात्मक व्हा' असे सांगून सकारात्मक केले नव्हते. त्यांना काम मिळाले, माहिती मिळाली, सोबत मिळाली, चारचौघांत मान मिळाला. उभारी या सगळ्यामागून आली. आपण नेहमी उलटे धरतो. आधी मन बदल, मग दिवस बदलतील, असे सांगतो. पुष्कळदा आधी कुणीतरी दिवस थोडे बदलावे लागतात, मग मन बदलते.

ओझे आणि माणूस

याला पुरावा आहे तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांचा. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या ५४ गावांतील ४६४ शेतकऱ्यांच्या विचारशक्तीची चाचणी दोनदा घेतली गेली. एकदा ऊस तुटण्याआधी, हात रिकामे आणि उसनवारी वाढलेली असताना. दुसऱ्यांदा ऊस जाऊन पैसे आल्यावर. माणूस तोच, डोके तेच. पण पैशांची चणचण असताना त्याच शेतकऱ्याला साधी कोडी सोडवणेही जड गेले. पैसे आल्यावर ते सुधारले. चिंता माणसाच्या डोक्यातली जागाच अडवून बसते. आपल्याकडून मुकादमाची उचल घेऊन कोयत्यावर जाणाऱ्या कुटुंबांना हे कुणी शिकवायला नको.

आपल्या मराठवाड्याने किती ओझी पाहिली! २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्याच मुखेड तालुक्यावर एका रात्रीत आभाळ फाटले. हसनाळ, रावणगाव या गावांत पाणी घुसले, माणसे गेली, जनावरे गेली, लष्कराला बोलवावे लागले. कधी पाणी नाही म्हणून झोप नाही, कधी पाणी आले म्हणून झोप नाही. अशा शेतकऱ्याला 'टेन्शन घेऊ नका' म्हणणे म्हणजे डोक्यावर पोते असलेल्या माणसाला 'ताठ चाला' म्हणण्यासारखे आहे. त्याला ताठ चालायचेच आहे. पोत्याला कुणी हात लावील का, एवढाच प्रश्न आहे.

मनाच्या या ओझ्याने काही माणसे जीवच नकोसा करून घेतात. आपल्या भागात ज्यांच्या घरी असे झाले, त्यांना आपण काय काय बोललो आहोत! पूर्वी कायदाही अशा माणसाला गुन्हेगार समजत होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने हे बदलले. जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असे आता कायदा गृहीत धरतो, आणि त्याच्या उपचाराची व पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकतो. ख्रिस्तसभेच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथातही तीव्र मनोव्यथा आणि भय यांमुळे अशा माणसाची जबाबदारी कमी होते, असे स्पष्ट सांगितले आहे. कायद्याने आणि ख्रिस्तसभेने दोष देणारे बोट मागे घेतले. आपल्या ओट्यावरचे आणि पारावरचे बोट अजून मागे यायचे आहे.

मग आपल्या हाती काय?

याचा अर्थ माणसाच्या हाती काहीच नाही असा नव्हे. रोज थोडे चालणे, वेळेवर झोपणे, दारू-तंबाखूला औषध न समजणे, मनातले एका तरी माणसाजवळ बोलणे, हे ज्याचे त्याने करायचे आहे. रडू आले तर रडावे, पुरुषांनीही. पंधरा दिवसांहून अधिक झोप नाही, जेवण नको, कशातच रस नाही असे झाले, तर ते आजारपण समजून डॉक्टरांकडे जावे. त्यात लाज नाही. शासनाच्या 'टेली मानस' या सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस सुरू असतो, फुकट आहे, मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावा. आपल्याला लागला नाही तरी शेजाऱ्याला लागेल.

पण बाकीचे आपल्या सगळ्यांच्या हाती आहे. २००६ साली अमेरिकेत १६ विवाहित स्त्रियांवर एक प्रयोग झाला. विजेचा हलका झटका बसणार अशी सूचना देऊन त्यांच्या मेंदूची छायाचित्रे घेतली गेली. पतीचा हात हातात असताना मेंदूतली भीतीची खळबळ कमी झाली. अनोळखी माणसाच्या हातानेही थोडी कमी झाली. झटका टळला नव्हता. हात होता, एवढेच. २०१० साली १४८ अभ्यासांची बेरीज मांडली गेली, तेव्हाही दिसले की ज्यांना माणसांची सोबत आहे त्यांची जगण्याची शक्यता एकट्या पडलेल्यांपेक्षा जास्त असते.

म्हणून पुढच्या रविवारी अंगणात कुणी म्हणाले की झोप लागत नाही, तर 'टेन्शन घेऊ नका' हे वाक्य आपण ओठांवरच थांबवू या. त्याऐवजी विचारू या : "काय झालं? किती दिवसांपासून? गोळ्या हायत का? दवाखान्यात सोबत येऊ का? बँकेत सोबत येऊ का?" आणि विचारले की त्याप्रमाणे जाऊ या. त्या बाईंच्या गोळ्या पुढे तालुक्याहून आणून देणे सुरू झाले. कुणाला त्याचा भार झाला नाही. मोटारसायकल तशीही जातच होती.

शेवटी पुन्हा सापाकडे येऊ. शेतात कुणाला साप चावला तर आपण काय करावे, हे डॉक्टर सांगतात. त्याला धीर द्यावा, चालू-पळू देऊ नये, चावलेला भाग हलू देऊ नये, आणि तातडीने दवाखान्यात न्यावे. यात धीर आहे आणि गाडीही आहे. शुभवर्तमानातल्या शोमरोनी माणसानेही जखमीला नुसता धीर दिला नाही. त्याने जखमा बांधल्या, स्वतःच्या जनावरावर बसवले, उतारशाळेत नेले आणि पदरचे दोन नाणी दिली.

मनाने खचलेला माणूस हाही चावलेला माणूस आहे. कोणता साप, किती विष, हे आपल्याला बाहेरून कळत नाही. 'घाबरू नका' हे शब्द त्याला जरूर म्हणू या. पण म्हणताना आपल्यातल्या कुणीतरी गाडी काढलेली असू द्या.